रिपोर्टातली लाल अक्षरं

वाचकांची पत्रं, डॉक्टरबाईंची उत्तरं

ह्या खेपेची पत्रं जेवणाच्या टेबलावर पसरून वाचत होते. चार पत्रं, चार गावांची, आणि चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलेलं: आजार आधीच अडवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्यात पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातो? गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत माझी चौतीस वर्षं गेली. ह्या प्रश्नाने मला नोकरीतही सोडलं नाही आणि निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही. म्हणून संपादकांकडून दोन पानं जास्तीची मागून घेतली आहेत.

प्रश्न: डॉक्टरबाई, माझं वय ५२. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. चवथीला घरी आला तेव्हा आम्हा दोघांसाठी 'फुल बॉडी चेकअप' बुक करून गेला. प्रत्येकी ८४ तपासण्या, दोघांचे मिळून साडेपाच हजार. मला तसा काही त्रास नव्हता. पाळी मागेपुढे होते आणि अंगावरून जास्त जातं, पण ते ह्या वयात व्हायचंच. माझ्या रिपोर्टात सात ठिकाणी लाल अक्षरं आली. त्यात सीए-१२५ म्हणून एक आहे ते ४१ आलं, ३५ च्या आत हवं म्हणे. लॅबमधून एका मुलीचा फोन आला, 'हा कॅन्सरचा मार्कर आहे, लगेच दाखवून घ्या.' मग सोनोग्राफी झाली, ती बघून सीटी स्कॅन, तो बघून एमआरआय. छत्तीस हजार रुपये गेले. शेवटी गर्भाशयात फायब्रॉइड आहे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. पण तीन महिन्यांनी सीए-१२५ परत करा असंही सांगितलं. मला रात्रीची झोप नाही. आजार लवकर सापडावा म्हणूनच तर केलं ना हे? मग माझं चुकलं कुठे? — श. ना., साखळी

उत्तर: बाई, तुमचं काही चुकलं नाही, आणि मुलावरही रागावू नका. आईवर माया असलेल्या पोराने परगावात बसून दुसरं काय करावं? रिपोर्टाची झेरॉक्स पत्रासोबत जोडलीत हे फार बरं केलंत. मी ती दोनदा वाचली.

आधी त्या ४१ आकड्याचं बघू, कारण झोप त्याने उडवली आहे. सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन आहे. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईला उपचार लागू पडतात की नाही हे बघायला त्याचा उपयोग होतो. काही तक्रार नसलेल्या बाईत कॅन्सर हुडकायला मात्र ते भरवशाचं नाही. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ असली तर ते वाढतं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असला तर वाढतं, पोटाच्या टीबीत, यकृताच्या दुखण्यात वाढतं, आणि पाळीच्या दिवसांत तर आजार नसतानाही वाढतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायका घेऊन ह्याचा अभ्यास झाला. काही जणींची वर्षानुवर्षं तपासणी केली, काही जणींची केली नाही, आणि साधारण सोळा वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्या बायकांत अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झालेले नव्हते. तुमच्याकडे फायब्रॉइड आहे आणि तो सोनोग्राफीत दिसला आहे. ४१ ला तेवढं कारण पुरेसं आहे. तुमच्या आईला, बहिणीला किंवा मावशीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, किंवा पोट सतत फुगून राहणं, दोन घासांत पोट भरणं असं काही महिनाभर होत असेल, तर मात्र मला परत लिहा, तो विषय वेगळा. तसं नसेल तर ही तपासणी पुन्हा करावी असं मला वाटत नाही.

आता लाल अक्षरांचं गणित सांगते. लॅबच्या कागदावर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी ठरते: धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं आणि त्यांतल्या १०० पैकी ९५ जणांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा छापायचा. उरलेले पाच जणही धडधाकटच असतात, पण त्यांचा आकडा लाल छापला जातो. एक तपासणी केली तर निरोगी माणसाला लाल अक्षर येण्याची शक्यता शंभरात पाच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर शंभर निरोगी माणसांतल्या चौसष्ट जणांना कुठे ना कुठे लाल अक्षर येणार. साठ केल्या तर पंचाण्णव जणांना. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण ८४ तपासण्यांतून कोरा कागद घेऊन घरी येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

साडेपाच हजारांत दोन माणसांच्या एवढ्या तपासण्या परवडतात कशा, हे मी खूप दिवस स्वतःलाच विचारत होते. एकदा रक्त मशीनमध्ये गेलं की पुढच्या बऱ्याचशा तपासण्यांचा जादा खर्च फार नसतो, हे एक. आणि पॅकेजवर फारसं सुटलं नाही तरी लाल अक्षरांमागून सोनोग्राफी येते, स्कॅन येतो, तज्ज्ञाची फी येते. तुमचे छत्तीस हजार तिथे गेले. फोन करणाऱ्या त्या मुलीला मी दोष देत नाही, तिला तेच शिकवलेलं असतं. आपलं सरकारसुद्धा ह्याला थोडा हातभार लावतं: जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला अशा तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतात. रोज सकाळी तासभर चालणाऱ्या माणसाला कुठलं कलम काही देत नाही.

कुणी म्हणेल, पैसे गेले तर गेले, जीव तर वाचतो. त्यांच्यासाठी दक्षिण कोरियाची हकीकत सांगते. तिथे १९९९ मध्ये कॅन्सर शोधायची सरकारी मोहीम निघाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण दवाखाने थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने मरणारे लोक पूर्वी जितके होते तितकेच राहिले. हजारो माणसांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, ती माणसं जन्मभराच्या गोळ्यांवर गेली, आणि ज्या गाठींसाठी हे झालं त्यांतल्या बहुतेक गाठींनी त्यांना कधी त्रास दिला नसता. सरसकट आरोग्य तपासणीचंही तसंच आहे. अडीच लाख माणसांवरच्या सतरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर अशी तपासणी केलेली आणि न केलेली माणसं सारख्याच प्रमाणात मेली होती.

एवढं सगळं लिहिलं, पण तुमच्या कागदावरचं जे लाल अक्षर बघून मला खरी काळजी वाटली त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ: हिमोग्लोबिन ९.२. बाई, तुम्हाला चांगलाच अॅनिमिया आहे! त्याबद्दल लॅबमधून फोन आला नाही, कारण त्यामागून कुठला स्कॅन येत नाही. आणि ५२ व्या वर्षी पाळी अनियमित होऊन अंगावरून जास्त जात असेल तर 'ह्या वयात व्हायचंच' म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाने हाताने तपासायला हवं, आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना घ्यावा का हे ठरवायला हवं. ८४ तपासण्या झाल्या, तीन स्कॅन झाले, आणि तुमचं पत्र बारकाईने वाचलं तर एकाही माणसाने तुम्हाला 'दिवसाला किती पॅड लागतात?' हे विचारलेलं दिसत नाही. माझा राग आहे तो ह्याच्यावर.

साखळीच्या सरकारी केंद्रात जा. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतील. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या, आणि शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका. रक्तदाब मोजून घ्या. साखर बघून घ्या. नर्सबाईला तोंडात टॉर्च मारून बघू दे, स्तन तपासू दे, आणि रक्तस्राव नसेल त्या दिवशी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी सरकारने ठरवलेल्या तपासण्या एवढ्याच आहेत: रक्तदाब, साखर, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्यांचे कॅन्सर. ही शेवटची तर अगदी साधी असते. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरसारखं अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. मुंबईत टाटा मेमोरिअलच्या लोकांनी झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायका घेऊन तिचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या बोळ्याची जाहिरात तुम्ही कधी पाहिली आहे का?

मुलाला सांगा, पुढच्या चवथीला आला की डॉक्टरकडे तुमच्यासोबत येऊन बसू दे. आणि कुणी कुठलीही तपासणी सुचवली की त्याने एकच विचारावं: ह्यात काही निघालं तर उद्यापासून आम्ही वेगळं काय करणार?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. माझं मत स्पष्ट आहे. लोक निरोगी राहिले तर रुग्णालयं चालणार कशी? म्हणून डॉक्टर मंडळी प्रतिबंधाबद्दल बोलतच नाहीत. माझ्या मेहुण्याला छातीत थोडं दुखलं म्हणून नेला तर हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट (जाळीच्या बारीक नळ्या) घालून पाठवला. हा सगळा धंदा आहे आणि तुमचा वर्ग त्यात सामील आहे. आपण हे मान्य कराल काय? — एक वाचक, फोंडा

उत्तर: सर, अर्धं मान्य करते, आणि ते अर्धं माझ्या स्वतःच्या अनुभवावरून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या केंद्रात तेव्हा थायरॉइडची तपासणी होत नसे, म्हणून मी रोग्यांना शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये पाठवत असे. महिनाअखेरीला एक मुलगा स्कूटरवरून आला आणि त्याने माझ्या हातात पांढरं पाकीट दिलं. आत पैसे होते, आणि सोबत एक यादी. मी पाठवलेल्या रोग्यांची नावं, प्रत्येकासमोर रक्कम. यादीत तिसरं नाव होतं ते काजूच्या बिया गोळा करणाऱ्या एका बाईचं. तपासणीचे पैसे भरायला तिने हंगामाची उचल घेतली होती, हे मला ठाऊक होतं. त्या उचलीतला एक तुकडा फिरून माझ्या टेबलावर आला होता. मी पाकीट परत केलं आणि निरोप दिला की एवढी रक्कम रोग्यांच्या बिलातूनच कमी करा. तीन महिने त्यांनी केली. नंतर दर पूर्ववत झाले आणि तो मुलगा यायचा बंद झाला. पुढे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत असं कमिशन घेणं देणं स्पष्ट शब्दांत बंद केलं गेलं. त्यानंतरही ते चालतं, हे तुम्हीही जाणता आणि मीही.

स्टेंटचंही तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधून दिली. त्याआधी तोच स्टेंट सरासरी लाख सव्वा लाखाला पडत होता. मधला नफा कुठे जातो हे किंमत ठरवणाऱ्या प्राधिकरणाने तपासलं, तर सगळ्यात मोठा वाटा रुग्णालयाच्या टप्प्यावर निघाला. पुढच्या वर्षी त्याच प्राधिकरणाने दिल्लीच्या आसपासच्या चार खासगी रुग्णालयांची बिलं पाहिली. काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा होता. सिरिंज, कॅथेटर, हातमोजे अशा, रोगी ज्यांची किंमत कधी विचारत नाही अशा वस्तू.

पण तुमच्या मेहुण्याचं मला इथून सांगता येणार नाही. दुखणं हार्ट अटॅकचं असेल तर वेळेवर घातलेला स्टेंट जीव वाचवतो. माझा धाकटा भाऊ आज त्याच्यामुळे आहे. दुखणं चालताना येणारं आणि बसलं की थांबणारं, महिनोन्महिने तसंच असलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. २००७ मध्ये एक आणि २०२० मध्ये एक, अशा दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की अशा रोग्यांना नीट औषधं दिली तर स्टेंट घालून मृत्यू काही कमी होत नाहीत. छातीतलं दुखणं कमी होतं, तेही महत्त्वाचंच. त्यांचे कागद घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा, तिथे स्टेंट घालण्यात कुणाचा वैयक्तिक फायदा नाही.

आता न मान्य करण्याचं अर्धं. डॉक्टर कट करून गप्प बसतात असं नाही, सर. सकाळच्या ओपीडीत माझ्यासमोर सव्वाशे माणसं असत. एकेकाला अडीच मिनिटं. त्यात मीठ कमी करा, विडी सोडा हे सांगून होई, पण का आणि कसं हे समजावणं राहून जाई. आणि खरी गोम ही की प्रतिबंधाला गिऱ्हाईक नसतं. ज्याचा आजार टळला त्याला ते कळत नाही, मग तो पैसे देणार कशाचे?

पणजीचा मलेरिया तुम्हाला आठवत असेल. १९८६ ला साथ आली, मी नोकरीत नवीनच होते. शहरात बांधकामं धडाक्यात चालली होती. भिंतींना पाणी मारायला भरून ठेवलेल्या टाक्या, स्लॅबवर साचलेलं पाणी, आणि त्यातले डास. लोक परप्रांतीय मजुरांना शिव्या देत होते. पण त्या टाक्या मजुरांनी बांधल्या नव्हत्या! पुढे सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात तरतूद आली, मजुरांचं रक्त तपासून आरोग्य कार्ड काढायची आणि साचलेल्या पाण्याची जबाबदारी कंत्राटदारावर आली. आमचे कर्मचारी अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या शिडीवरून हातात बॅटरी घेऊन वर चढत आणि टाक्यांत वाकून अळ्या बघत. विहिरींत आणि कारंज्यांत गोव्याच्याच ओढ्यांतले छोटे, अळ्या खाणारे मासे सोडले. आज नव्या डॉक्टरला मलेरियाचा रोगी क्वचितच दिसतो. त्या शिडीवर चढलेल्या एकाचंही नाव शहरातल्या कुठल्या पाटीवर मी वाचलेलं नाही.

रेबीजचंही बघा. कुत्रा चावला की माणसाला सुया, जखम मोठी असेल तर महागडं सीरम. त्यापेक्षा कुत्र्यालाच टोचावं, म्हणून आठ-दहा वर्षं गावोगाव जाळी घेऊन माणसं फिरली, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्री टोचली, शाळांत मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्र्याला टोचलेल्या सुईचं बिल कुणाच्या नावाने फाडणार? म्हणून हे काम सरकारने आणि धर्मादाय संस्थांनीच करावं लागतं, आणि हात आखडता घेतला की ते मोडतं.

हात आखडता घेतलेला आहेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा आणि त्यातला दोन तृतीयांश पैसा प्राथमिक सेवेवर जावा. २०२१-२२ चा हिशोब १.८४ टक्के आहे, आणि तो कोविडच्या काळातला. आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के त्या वर्षीही लोकांनी आपल्या खिशातून भरले. सर, तुमचा राग खरा आहे, पण तो वापरायचा कुठे हे ठरवा. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात नर्सच्या किती जागा रिकाम्या आहेत, हा प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज लागला तर मी मसुदा लिहून देईन. शिक्षकाने विचारलं की पंचायतीला उत्तर द्यावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रश्न: काजूचा हंगाम आला की आरोग्य केंद्राची माणसं अंगाला लावायचं तेल वाटतात. आमचे पुरुष हसतात, म्हणतात सरकारचे पैसे फुकट. खरंच उपयोग होतो का? — र. गा., सत्तरी

उत्तर: होतो. हसणाऱ्यांना २०१५-१६ चा हंगाम आठवायला सांगा. सत्तरीत आधी माकडं मेली आणि मागून माणसं तापाने आडवी पडली. हा माकडताप, कर्नाटकात क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला. आपल्याकडे तो आला तेव्हा मी तिथे ड्यूटीवर होते. त्याच्यावर मारा करणारं खास औषध नाही, ताप आणि रक्तस्राव सांभाळत बसावं लागतं, आणि काहींचा जीव जातो. तो पसरवतात गोचिडी, त्यातही तिळाएवढी पिल्लं, जी सुक्या पाल्यात असतात आणि दिसतही नाहीत. बिया वेचायला जाताना तेल हातापायांना नीट चोळा, घामाने गेलं की परत लावा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पाल्यावर बसू नका, टेकायचं तर दगडावर. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, काखा आणि जांघा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्राला कळवा. एका बाटलीच्या तेलाने टळलेला ताप तुमच्या पुरुषांना दिसणार नाही. तुम्ही पाठीला लावून द्या, तिथे त्यांचा हात पोचत नाही.

प्रश्न: वय ३४, टॅक्सी चालवतो. गणपतीत मंडळाच्या शिबिरात उपाशीपोटी साखर १८६ निघाली, परत केली तर १७८. मला काहीच होत नाही, दोन माणसांचं काम करतो. मित्र म्हणतात गोळी एकदा चालू केली की सुटत नाही. घरात दीनदयाळचं, सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे, चार लाखांचं. काही झालं तर ते आहेच, मग आत्तापासून गोळ्या कशाला? बाबांनाही साखर होती. त्यांचा पाय कापावा लागला. — म. पा., पेडणे

उत्तर: तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते.

कार्ड चांगलं आहे. २०१६ पासून त्या योजनेने गोव्यातली कितीतरी घरं कर्जातून वाचवली आहेत. मी स्वतः ओळखीच्यांना रांगेत उभं करून ती कार्डं काढायला लावली आहेत. पण ते कार्ड चालतं ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. शस्त्रक्रियेला चालतं, बायपासला चालतं. आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास डायलिसिसवर पडलेल्या माणसाची टॅक्सी कोण चालवणार, हे त्यात लिहिलेलं नाही.

तुला काही होत नाही, कारण ह्या आकड्यांना साखर दुखत नाही. आत मात्र ती डोळ्याच्या पडद्याच्या, मूत्रपिंडाच्या आणि पायाच्या नसांच्या बारीक रक्तवाहिन्या खात असते. आणि तू एकटा नाहीस. २०२३ मध्ये देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहात गोवा पहिला होता: २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. मित्रांना सांग, चारांतल्या एकाला हे आहे, त्यांनीही बोट टोचून घ्यावं. गोळी सुटत नाही म्हणतात तेही खरं असेलच असं नाही. चाळिशीच्या आत, पोट सुटलेल्या माणसाने दहा-बारा किलो उतरवले तर कित्येकांची गोळी बंद झालेली मी पाहिली आहे. आणि नाही सुटली तरी ज्या गोळीने सुरुवात होते, ती मेटफॉर्मिन, जुनी आणि स्वस्त आहे, आणि सरकारी केंद्रात फुकट मिळते. तिच्यावर कुणी श्रीमंत होत नाही, त्यामुळे तिची बाजू घेऊन कुणी तुझ्याशी बोलायलाही येणार नाही. मी बोलते आहे.

टॅक्सीवाल्यांचं खाणं मला माहीत आहे. स्टँडवर चहा दिवसाला सात-आठ कप, साखर दोन चमचे, मध्ये पाव-भाजी, रात्री उशिरा भाताचा डोंगर. चहा बिनसाखरेचा कर, आठवड्यात जीभ सरावते. भात उकड्याचा खा, पण वाटीने मोजून. हुमणातले मासे वाढव, तळलेले कमी कर. गिऱ्हाइकाची वाट बघताना गाडीत बसून मोबाइल बघतोस, त्यातली वीस मिनिटं गाडीभोवती चाल.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ तू घाईत लिहिलीस, अक्षर तिथे बदललेलं आहे. बाबांचा पाय कसा गेला हे तू पाहिलेलं असणार. बहुतेक वेळा सुरुवात चपलेने झालेल्या फोडाने होते. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि दाखवायला आणतात तेव्हा वास येत असतो. तू रोज रात्री गाडी लावल्यावर दोन्ही तळवे आरशात बघ. बोटांच्या बेचक्यासुद्धा.

येत्या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी तुझ्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) सांग, लघवीतलं प्रथिन सांग, डोळ्याचा पडदा तपासायला चिठ्ठी माग. पेज डब्यात घेऊन जा, रक्त दिल्यावर तिथेच खा आणि मग गाडीवर बस. आई बरोबर येत असेल तर तिचंही बोट टोचून घे, तिची कधी बघितली आहे का ते तू लिहिलेलं नाहीस.